यंत्रं उतरवली तो उन्हाळा

पालघर स्टेशनातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती संपता संपता, आमचा कारखाना होता. टेबलावर ठेवायचे विजेचे पंखे तिथे तयार व्हायचे. पत्र्याची लांब शेड, मागे रंगाची खोली, पुढे गेट आणि गेटाशी एक भेंडीचं झाड, भाजीच्या भेंडीचं नव्हे, पिवळ्या फुलांचं मोठं सावलीचं. मी वाइंडिंग खात्यात होते. पंख्याच्या पोटात तांब्याची बारीक तार वेटोळी करून भरलेली असते, ती भरायचं आणि तिच्यावर व्हार्निश चढवायचं आमचं काम. त्या खात्यात सगळ्या बायकाच. नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. जी ज्या गावची, ते तिचं नाव. मी सफाळेवाली. माझ्या डाव्या हाताला शिरगाववाली बसायची, समोर पामवाली.

शिरगाववाली कोळ्यांची सून. नवरा होडीवर असतानाच गेलेला, पदरात एक मुलगी. अंगानं थोराड, बोलायला कमी, पण बोलली की समोरचा गप्प बसायचा. पामवाली आमच्यात सगळ्यात लहान. पाम हे बोईसरजवळचं गाव, म्हणून ती बोईसरहून गाडीनं यायची. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि त्यावरून आम्ही तिला दिवसभर छळायचो. तिच्या गळ्यात एक गुणगुण असायची, कुठल्याच गाण्याची नाही, नुसतीच. ती थांबली की समजायचं, हिची तार तुटली.

"हे", म्हणजे माझे यजमान, त्या खात्याचे सुपरवायझर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मूळ मुंबईचे, शेठच्या तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलेले. शेठनं पालघरला स्वस्तात जागा घेऊन कारखाना काढला, तेव्हा यंत्रांबरोबर ह्यांनाही पाठवलं. वाइंडिंगला बायका घ्यायच्या असं ठरलं, पण बायका येणार कुठून? आमच्याकडच्या बायका शेतात राबत होत्या, मासळी सुकवत आणि विकत होत्या, पण कारखान्यात कोणी गेलेली नव्हती. मग हे सायकल घेऊन गावोगाव फिरले. ओटीवर बसायचे, पाणी मागायचे, आणि मुलीच्या बापाला नाहीतर सुनेच्या सासूला समजवायचे. काम बसून आहे, सावलीत आहे, दिवेलागणीला मुलगी घरी. एवढं बोलून समोरचं माणूस अजून घुटमळत असलं तर म्हणायचे, "मी सांगतो ना."

शिरगावच्या सासूनं विचारलं होतं, "हिच्या हातांना मासलीचा वास येल. चालंल काय तुमाला?"

"आमच्या व्हार्निशच्या वासापुढे तो टिकणार नाही," हे म्हणाले. सासू हसली आणि दुसऱ्या दिवशी सून कामाला आली.

आमच्या घरीही ते असेच आले होते. मी सातवी होऊन घरात बसले होते. वडिलांनी बरेच आढेवेढे घेतले आणि पाठवलं. पुढच्या वर्षी हे पुन्हा आले ते मला मागणी घालायला. वडील म्हणाले, "आधी कामाला नेलीत, आता कायमची नेता. तिसऱ्यांदा आलात तर दार लावून घेईन."

ती वर्षं चांगली गेली. आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी वीज नव्हती. पण पंखा कसा फिरतो आणि का फिरतो हे आम्हाला माहीत होतं, आणि त्याचा आम्हाला थोडा तोराही होता. उन्हाळ्याच्या आधीचे महिने गर्दीचे. तेव्हा शेडमध्ये मान वर करायला फुरसत नसे. रंगखात्यात डोंगराकडून आलेले पुरुष होते, पाती आणि जाळ्या रंगवून तारेवर वाळत घालायचे. पूर्वी पाऊस संपला की वीटभट्टीवर नाहीतर मिठागरावर निघून जाणारी ती माणसं, आता बारा महिने एका जागी राहत होती. एकानं तर पालघरातच झोपडं बांधलं आणि पुढे तुळस लावली.

मग युद्ध झालं, आणि त्यानंतर तांबं मिळेनासं झालं. सरकारकडून कारखान्याला मिळणारा वाटा कमी झाला, तोही वेळेवर येईना. शेठ कुठून कुठून तार पैदा करून आणू लागले. ती तार हातात घेतल्याबरोबर कळायची. चांगल्या तारेवर एक गुळगुळीत चकचकीत थर असतो. ह्या तारेचा थर वाकवला की तडकायचा. थर तडकला की तारेला तार भिडते आणि पंखा जळतो, हे आमच्यातल्या शेवटच्या पोरीलाही माहीत होतं. आम्ही ह्यांना सांगायचो, हे शेठना सांगायचे.

एकदा ते बोलणं आमच्यासमोरच झालं. शेठ खात्यात आले होते. हे म्हणाले, "शेठ, ह्या तारेचा माल बाहेर पाठवू नये. नाव जाईल."

शेठ रागावले नाहीत. रीळ हातात घेऊन फिरवत राहिले. "दुसरी कुठे मिळते ते सांग. आत्ता जाऊन घेऊन येतो."

शेठनी रीळ माझ्या टेबलावर ठेवलं.

"तार नाही म्हणून ह्या बायकांना घरी बसवू? की ही तार वापरू? दोन्हींतलं एक तू सांग."

हे माझ्याकडे, शिरगाववालीकडे, पामवालीकडे बघत राहिले. आणि ती तार वापरली गेली.

मी शेठना वाईट माणूस म्हणत नाही. दसऱ्याला ते स्वतः प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवायचे. शिरगाववालीची मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा त्यांनी आपली मोटार देऊन तिला दवाखान्यात पोचवलं होतं. हे सगळं खरं आहे, आणि पुढे जे झालं तेही खरं आहे.

तो माल बाजारात गेला आणि उन्हाळ्यात पंखे परत येऊ लागले. ज्या खोक्यांतून गेले त्याच खोक्यांतून, वर दुकानदाराचा शिक्का. खोकं उघडलं की जळक्या व्हार्निशचा वास शेडभर पसरायचा. सुरतेकडच्या एका घरात पंख्यानं पडदा पेटला, माणसं थोडक्यात वाचली, असं कानावर आलं. आपण गुंडाळलेला असेल का तो, हे प्रत्येकीच्या मनात. दुकानदारांनी आमचा माल घेणं सोडलं. मोठ्या कंपन्यांचे पंखे आमच्यापेक्षा स्वस्त होते आणि जळत नव्हते. त्यांनी तरी आमचे का घ्यावेत?

पुढचं वर्ष रखडत गेलं. आठवड्यातले काही दिवस काम, काही दिवस घरी. पगार आज होईल, उद्या होईल. पुन्हा उन्हाळ्याची गर्दी सुरू व्हायची वेळ आली. शेठनी निरोप दिला, की होळीनंतर मोठी ऑर्डर आहे, सगळ्यांनी या. आम्ही शिमग्याला गावाला गेलो, पोळ्या खाल्ल्या, आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाशी आलो. गेटाला टाळं होतं. नवं, पितळी. आत गुरखा खुर्चीवर बसला होता आणि आमच्याकडे बघत नव्हता.

पामवाली मागच्या गाडीनं आली. अंगावरचा रंग नीट गेलेला नव्हता, कानामागे गुलाल तसाच. गर्दी बघून ती मला म्हणाली, "आज काय हाय? आत का नाय सोडत?"

मी तिला टाळं दाखवलं. तिला वाटलं, किल्ली हरवली असेल.

आम्ही भेंडीखाली बसलो. त्या दिवशी बसलो, दुसऱ्या दिवशी बसलो, आणि मग ते बसणंच आमचं काम झालं. सकाळी डबा घेऊन यायचं, संध्याकाळी जायचं. रात्री पुरुष पाळीनं थांबायचे. आमच्याकडे युनियन नव्हती. कुणीतरी ठाण्याहून एका पुढाऱ्याला आणलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फार थोडं बोलला. "यंत्रं आत आहेत तोवर तुमचं म्हणणं कुणीतरी ऐकेल. ती बाहेर पडली की तुम्हाला कोण विचारतो? काही झालं तरी गेट सोडू नका."

हे सुपरवायझर. म्हटलं तर शेठचा माणूस. पण ते पहिल्या दिवसापासून आमच्यात बसले. डोंगराकडचे लोक पहिले काही दिवस आले, मग एकेक करून बहुतेक गळाले. तुळस लावलेल्यानं बायकोमुलं घेतली आणि वसईकडे मिठागरावर गेला. जाताना झोपड्याचे बांबू सोडवून घेऊन गेला. आम्ही कुणी त्याला थांब म्हटलं नाही. त्याला बसून खायला काय होतं?

चैत्र असाच गेला. उन्हानं डांबर वितळायचं, चपला चिकटायच्या. बायका घरून काहीतरी काम घेऊन यायच्या. कुणी चिंचा फोडायची, कुणी गोधडी शिवायची. माझ्या मांडीवर माझी तान्ही मुलगी असायची. शिरगाववाली पहाटे बाजारात मासळी विकून येऊ लागली होती. रिकामी पाटी उशाला घेऊन ती सावलीत पडायची. पामवालीची गुणगुण बंद झाली होती. तिच्या सासरकडून विचारणा आली होती, की मुलगी कामावर आहे असं ऐकून होकार दिला होता, आता कसं?

वैशाखात एका संध्याकाळी शेठ आमच्या घरी आले. मोटार लांब उभी करून चालत आले. माझी मुलगी पाळण्यात होती. मी पाणी दिलं, ते त्यांनी सगळं प्यायलं. दाढी वाढली होती. घरात दुसरी बसायची जागा नव्हती, म्हणून ते आमच्या पेटीवर बसले.

"यंत्रांना गिऱ्हाईक आलंय," शेठ म्हणाले. "चांगली किंमत देतोय. पण यंत्रं नीट उतरवून, नीट बांधून हवीत. बाहेरचा माणूस लावला तर मोडून ठेवेल आणि किंमत जाईल. तूच बसवलीस, तूच उतरव."

हे म्हणाले, "आणि गेटावरची माणसं?"

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. तू सांगितलंस तर उठतील. पैसे हातात आले की आधी त्यांचे थकलेले पगार. सगळ्यांचे, पूर्ण. मग बाकीच्यांचे. मला त्यांचे तळतळाट घेऊन कुठे जायचंय?"

ह्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पण मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की त्यांना हो म्हणायचं होतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना हातांचं काम सांगत होतं.

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "कागदावर घ्या."

"शेठकडून कागद मागू?"

"का नको?"

"अगं, मी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्याकडे आहे. मला स्पॅनर धरायला त्यांनी शिकवलं. असं किती दिवस बसून राहणार? पावसाळा आला की निम्म्या भातलावणीला जातील, मग ते गेट फुकटच उघडेल. निदान आत्ता काही हातात येईल."

हे म्हणणं चुकीचं नव्हतं. आज विचार केला तरी मला ते चुकीचं वाटत नाही. मी पुन्हा एकदा कागदाचं बोलले आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी भेंडीखाली हे उभे राहिले आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. शेठ घरी आले होते हेही सांगितलं. बराच गलका झाला. रंगखात्यातला एकजण म्हणाला, की ठाण्याच्या पुढाऱ्यानं काय बजावलं होतं ते विसरलात काय? कुणी म्हणालं, मिस्त्रीला शेठनं काय कबूल केलंय ते आधी विचारा. मग शिरगाववाली उठली. तिनं पाटी काखेत घेतली.

"मिस्त्री, तुमी सांगता म्हणून उठायचं, का शेठ सांगतो म्हणून?"

"मी सांगतो म्हणून."

"मंग उठतो," ती म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागून बायका उठल्या, आणि बायका उठल्यावर पुरुषांनाही बसून राहता येईना.

यंत्रं उतरवायचं काम बरेच दिवस चाललं. हे सकाळी जायचे आणि ग्रीसनं माखून यायचे. त्या दिवसांत ते पोटभर जेवायचे, झोपही लागायची. एकदा मी डबा घेऊन गेले. वाइंडिंगची यंत्रं बोल्टांवरून सोडवून ओळीनं ठेवली होती. प्रत्येकाच्या दांड्याला ग्रीस लावून वर गोणपाट बांधलं होतं, लहान मुलाला कुंची घालावी तसं. मला म्हणाले, "जिथे जातील तिथे पहिल्या दिवशी चालतील बघ." मी माझ्या यंत्राची जागा शोधली. जमिनीवर चार भोकं आणि तेलाचा डाग होता.

ट्रक आले, यंत्रं गेली. आम्ही थांबलो. आठवडा गेला, दुसरा गेला. आभाळ भरून येऊ लागलं. शेठचा निरोप नाही. लोक आमच्या घरी विचारायला यायचे. हे म्हणायचे, येईल. मग एक दिवस धुतलेला सदरा घालून ते मुंबईला गेले.

परत आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पाय धुतले, मुलीला उचललं, पुन्हा पाळण्यात ठेवलं. मग सांगितलं. यंत्रं केव्हाचीच गहाण होती. आलेले सगळे पैसे कर्ज देणाऱ्यांनी परस्पर घेतले. शेठच्या हातात काही आलंच नव्हतं, येणारच नव्हतं. ह्यांनी त्यांना तोंडावर विचारलं, की तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का?

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तू उतरवली असतीस का? मी यंत्रं दिली नसती तर त्यांनी मला तुरुंगात घातलं असतं." मग सदरा खुंटीला लावत म्हणाले, "रडत होते. मला चहा दिला."

"तुम्ही प्यायलात?"

"प्यायलो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर गेले. मी म्हटलं, लोकांना आपोआप कळेल, तुम्ही कशाला जाता? ते ऐकेनात. शिरगाव, पाम, इकडे सफाळ्याकडची गावं, सगळीकडे गेले. पाऊस सुरू झाला होता, सायकल चिखलात रुतायची, उचलून न्यायचे. दारात उभं राहून सांगायचे, की पैसे मिळणार नाहीत, शेठनं मला फसवलं आणि मी तुम्हाला उठवलं. काही ठिकाणी लोकांनी ऐकून घेतलं. काही ठिकाणी शिव्या दिल्या. पामवालीच्या बापानं म्हटलं, "तुजा वाटा किती, तेवडं सांगून जा." शिरगावला सासूनं दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं. सून आतच होती. माझ्या वडिलांनी ह्यांना आत बसवलं, पंचा दिला आणि स्वतः ओटीवर जाऊन बसले.

पालघरात आमच्याशी लोक बोलेनासे झाले. मिस्त्रीनं दलाली खाल्ली, हे सगळ्यांच्या तोंडी झालं. वाण्यानं उधार देणं बंद केलं. विहिरीवर मी गेले की बायका आपापले हंडे उचलायच्या. मी एकदोघींना सांगून बघितलं, की आमच्या घरी येऊन चुलीवर काय शिजतंय ते बघा. कुणी आलं नाही. ह्यांना मात्र राग यायचा नाही. आपल्याला हे मिळायलाच हवं, असे ते वागायचे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या सुमाराला बोईसरकडे मोठी बांधकामं निघाली होती. रस्ते, चाळी, पाण्याच्या टाक्या. तारापूरपर्यंत माणसांची जत्रा होती, कुठल्या कुठल्या मुलखातली, एकमेकांशी हिंदीत बोलणारी. पावसाळ्यानंतर एका ठेकेदारानं ह्यांना फिटर म्हणून घेतलं. त्याच ठेकेदाराकडे आमच्या वाइंडिंगच्या काही बायका घमेली उचलायला लागल्या होत्या. पामवालीही होती. केसासारखी तार चिमटीत धरणारे हात, ते खडी आणि ओलं काँक्रीट डोक्यावर वाहत होते. हे मिक्सरपाशी असायचे. त्या रोज त्यांच्या समोरून जायच्या आणि बघायच्या नाहीत.

ठेकेदाराला ह्यांचं काम आवडलं. एकदा तो म्हणाला, "मिस्त्री, आप तो इधर के गाँव जानते हो. औरतें ले आओ, हर औरत के पीछे आपको अलग से देंगे."

हे म्हणाले, "यंत्राचं काहीही सांगा, करीन. माणसं आणायचं काम मला सांगू नका." ते मराठीतच म्हणाले. ठेकेदाराला अर्थ कळला आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर पामवाली फळीवरून पडली. वर टाकीचं काम चाललं होतं, फळी ओली होती, डोक्यावर घमेलं. खाली खडीचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पण कंबरेत मोडलं. हे मिक्सर टाकून धावले. त्यांनी आणि आणखी एकानं तिला फळीवर घेतलं, ट्रकमध्ये घातलं. ट्रकमध्ये हे तिचं डोकं धरून बसले होते, हिसका बसू नये म्हणून. वाटेत तिनं डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघितलं. घरी आल्यावर मी विचारलं, काही बोलली का?

"आई कुठं हाय, एवढं विचारलं."

दवाखान्यात तिचा बाप आला तेव्हा हे बाहेर व्हरांड्यात उभे होते. त्यानं ह्यांना बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ठेकेदारानं सुरुवातीचं औषधपाणी केलं, मग हात झटकले. ती हिंडूफिरू लागली, पण एक पाय कायमचा ओढत. लग्न मोडलं, हे सांगायलाच नको. मी तिला भेटायला एकदाच पामला गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्याशी बरी बोलली. माझ्या मुलीची चौकशी केली. मी उठले तेव्हा म्हणाली, "मिस्त्रींना नका पाठवू इकडं. बाबा घरात असतात."

कारखान्याची शेड पुढे एका गवताच्या व्यापाऱ्यानं घेतली. आमच्याकडचं गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. त्याला बायका हव्या होत्या, गवत पसरायला आणि साफ करायला. मुलगी चालू लागली होती, एकाच्या कमाईत भागत नव्हतं. मी गेले. यंत्रांच्या जागेवर छपरापर्यंत गवत रचलेलं असायचं. धुळीनं नाक चोंदायचं. ज्या भोकांत आमच्या यंत्रांचे बोल्ट होते, त्यांत काड्या अडकून बसायच्या आणि झाडताना त्या निघता निघायच्या नाहीत. संध्याकाळी घरी गेलं की हे माझ्या केसांतल्या काड्या काढायचे. कुठे होतीस हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्या रस्त्यानं ते कधी आले नाहीत. स्टेशनला जायलाही लांबून वळसा घ्यायचे.

बाजारात शिरगाववाली मला दिसायची. मी तिच्यासमोरून न जाता पलीकडच्या बाईकडून मासळी घ्यायचे. असं वर्षभर तरी चाललं असेल. एक दिवस तिनंच हाक मारली.

"सफालेवाली, माजी मासली कुजलेली हाय काय?"

मी गेले. तिनं बोंबलांचा वाटा पानात बांधला. मुलगी कशी आहे, सासू कशी आहे, असं थोडं बोलणं झालं. तिची सासू त्या पावसाळ्यात गेली होती, मला कळलंही नव्हतं. मग ती म्हणाली, "मिस्त्री कुठं हाय?"

"बोईसरला. कामावर जातात, येतात. कुणाशी बोलत नाहीत."

ती माशांवर पाणी शिंपडत होती. वर न बघता म्हणाली, "त्याला सांग, आमी उठलो ते आमच्या पायांनी उठलो. त्यानं काय उचलून नाय नेलं आमाला."

मी घरी आले. बोंबील तळले, ह्यांना वाढले आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, ऐकून त्यांना जरा हलकं वाटेल.

"ती तिच्यापुरतं बोलली," ते म्हणाले.

मग जेवून उठले, हात धुतले, आणि सकाळच्या गाडीसाठी सायकलच्या चाकात हवा भरायला बाहेर गेले. पंपाचा आवाज बराच वेळ येत होता. मी मुलीला भरवत बसले.